बांधलेलं दाभण

ज्या बाईला सरकारनं सशस्त्र ठरवून आत टाकलं, ती माझी वहिनी पालीला घाबरायची. भिंतीवर पाल दिसली की ही खुर्चीवर चढून उभी, आणि तिथून मला हाका. मी झाडू घेऊन धावले की वर मलाच बजावणार, मारू नका हं ताई, नुसती हाकला. अशी आमची गुन्हेगार. हे मी कोर्टातही सांगणार होते, पण पालीचा कायद्याशी संबंध नाही म्हणून वकीलबाईंनी मला साक्षीलाच बोलावलं नाही.

आमचं घर गाद्यांवर चाललं. वडील, ज्यांना मी दादा म्हणते, गाद्या आणि खुर्च्यांच्या कारखान्यात सगळ्यांत जुने कारागीर. मी तिथंच कापड बेतते, म्हणजे दिवसभर कात्री आणि दिवसभर बडबड. भाऊ लाकडी सांगाडे ठोकायचा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं, आणि मी नणंद असल्यामुळे हे चारचौघांत सांगणं माझं कर्तव्यच होतं. ती हसायची. मला वाटायचं, बावळट आहे. मग भाऊ आजारानं गेला, पोर पदरात, आणि ही बावळट बाई तेराव्या दिवसाची वाट न बघता दादांपुढे येऊन बसली आणि म्हणाली, मला टाके शिकवा.

दादांनी शिकवलं. कसं शिकवलं ते विचारू नका, त्यांच्या हाताखाली भले भले रडलेत. टाका वाकडा पडला की गादी उसवून परत पुढ्यात. वहिनीनं तोंडातून हूं की चूं काढलं नाही. वर्षभरात तिचा टाका दादांच्या टाक्याशेजारी ठेवला तर मलाही ओळखू यायचा नाही. दादांनी तिला कधी शाबासकी दिली नाही, फक्त एके दिवशी आपलं दाभण तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः दुसरं घेतलं. ती ते घरी घेऊन आली आणि देवासमोर ठेवावं तसं आरशापुढे ठेवून बसली.

आता हे दाभण काय ते सांगायला हवं, कारण पुढं सगळा तमाशा त्याचाच आहे. पोतं शिवायचं दाभण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आमचं त्याहून लांब, सरळ, आणि दोन्हीकडून टोकदार. दोन्हीकडून टोचणारं, अगदी माझ्या जिभेसारखं. गादीच्या आरपार घालायचं, खालून ओढायचं, आणि न फिरवता दुसऱ्या टोकानं परत वर. म्हणून टोकं दोन. त्याला मूठ नसते. मूठ असली तर ते आरपार जाणार कसं? तळहाताला चामड्याची पट्टी बांधून ते ढकलायचं, एवढंच.

कारखान्यातून बसथांब्याकडे येताना गोदामांच्या मागची गल्ली लागते. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला बंद शटरं. तिथं तो उभा राहायचा. नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, नंतर कोर्टात कळलं, पण आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो, कारण वहिनी दिसली की तो शिट्टी वाजवत मागून चालायला लागायचा. हळू, एकाच सुरात. मी बरोबर असले तर रस्त्याच्या पलीकडून, मी नसले तर पाठीला लागून. मी एकदा त्याला थांबवून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, मी तुम्हाला काही बोललो का? आणि शिट्टी वाजवत निघून गेला. त्याच्या मनात काय आहे हे वहिनीला कळत होतं. बाईला कळतं ते. तिची झोप उडाली होती.

आम्ही चौकीत गेलो. तिथले हवालदार वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते. म्हणाले, बाई, शिट्टी वाजवणं गुन्ह्यात बसत नाही, त्यानं हात लावला की या. मी म्हटलं, हात लावल्यावर येण्याच्या अवस्थेत राहिली पाहिजे ना ती. ते म्हणाले, स्वतःचं रक्षण करायचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला दिलाय. कशानं करायचं, असं वहिनीनं हळूच विचारलं. तर म्हणाले, जे हाताशी येईल त्यानं. घ्या! त्या गल्लीत हाताशी भिंत येते, दुसरं काही येत नाही.

आणि नेमका त्याच सुमाराला तो बंदीचा कायदा आला. शहरात भोसकाभोसकी वाढली होती, पोरं खिशात सुरे घालून फिरत होती, तेव्हा कायदा नको होता असं मी म्हणत नाही. पण त्यात लिहिलं होतं की चाकू, सुरा, कट्यार आणि 'तत्सम कोणतीही टोकदार वस्तू' बाहेर बाळगायची नाही. आता तत्सम म्हणजे काय? कारखान्यात दुपारच्या सुट्टीत यावर रोज वाद. पेचकस तत्सम का? छत्रीची दांडी तत्सम का? आमचा सुतार म्हणाला, माझ्या सासूबाई तत्सम आहेत, त्यांना घरात कोंडता येईल का बघा. मालकांनी घाबरून हत्यारांच्या कपाटावरचं नाव पुसून 'अवजारे' रंगवून घेतलं. खाली एक सवलत होती, की कामावर जाता-येता कामाची वस्तू जवळ असली तर चालेल. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि विसरून गेलो.

वहिनी विसरली नाही. ती दाभण पिशवीत घालून घरी आणायला लागली. दादांच्या ते लक्षात आलं. कामाची वस्तू कामावरून हलवायची नाही हा त्यांचा जन्माचा नियम, तेव्हा मला वाटलं आता हे चिडणार. त्यांनी तिला समोर बसवलं आणि विचारलं, वेळ आली तर धरशील कसं? तिनं मुठीत धरून दाखवलं. ते म्हणाले, जोर लावलास तर मागचं टोक तुझ्याच तळहातातून बाहेर येईल. मग त्यांनी एका बाजूवर चामड्याचा तुकडा गुंडाळला आणि त्यावर मेण लावलेला दोरा आवळून बांधला. वेढ्याला वेढा लागून, मधे केसाची फट नाही. बांधताना त्यांची मान खाली होती. मुलगा गेल्यावरही मी त्यांना तसं खाली मान घालून बसलेलं पाहिलं नव्हतं. झाल्यावर म्हणाले, आता हाताला लागायचं नाही.

कामाला तिनं कारखान्यातलं दुसरं दाभण घेतलं. हे पिशवीतच राहिलं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी आम्हाला साप्ताहिक सुट्टी होती. चिमी, वहिनीची मुलगी, मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, तिला आणायला वहिनी दुपारी निघाली. रस्ता तोच. दाभण घेऊन निघाली, कारण शिट्टीला कुठे साप्ताहिक सुट्टी होती? उलट कारखाने बंद, गल्लीत चिटपाखरू नाही, त्याला आयतंच सापडलं. त्यानं मागून येऊन तिची वेणी धरली आणि तिला भिंतीवर आपटलं. दुसरा हात तोंडावर. पुढचं ती कधी नीट सांगू शकली नाही. तिच्या कपाळाची कातडी भिंतीला लागून राहिली होती आणि ब्लाउजची बाही खांद्यापासून निघाली होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं दाभण त्याच्या मांडीत घातलं. तो ओरडत खाली बसला. आणि ही बया पळून गेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हणाली, एका माणसाला लागलंय, गाडी बोलवा.

तो वाचला. वाचलाच पाहिजे होता, आमच्यासाठी तरी. त्याच्यावर खटला भरला, पण त्याला लगेच जामीन मिळाला. वहिनीवर दोन आरोप ठेवले, एक भोसकल्याचा आणि एक शस्त्र बाळगल्याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, आता घरात बघितलं.

वकीलबाई हुशार होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. भोसकल्याचं आपण सहज काढून टाकू, त्यानं हल्ला केला हे दिसतंच आहे. अडचण दुसऱ्या आरोपाची. कामाची वस्तू चुकून पिशवीत राहिली असेल आणि संकटात हाताला लागली असेल तर ते अवजार. पण भीती वाटते म्हणून मुद्दाम जवळ ठेवली असेल तर तीच वस्तू शस्त्र. आणि त्याला ठरलेली शिक्षा आहे, न्यायाधीशांना कमी करता येत नाही. मी म्हटलं, म्हणजे जी बाई घाबरलीच नाही ती सुटणार, आणि जी घाबरली ती आत? त्या म्हणाल्या, ताई, कायदा मी केलेला नाही.

वहिनीला खोटं बोलायचं नव्हतं. मी तिला रागानं म्हटलं, हरिश्चंद्र व्हायचं असेल तर पोरीला कोण सांभाळेल ते आधी सांग. ती चिमीकडे बघत राहिली, आणि तयार झाली. दाभण कामाचं, पिशवीत राहिलं. मुठीचं काय, तर हात दुखतो म्हणून धरायला सोपं जावं. मालकांनीही तसंच सांगायचं कबूल केलं. आणि हे सगळं कामाचंच आहे हे पटवून द्यायला दादांना साक्षीला उभं करायचं ठरलं. ज्या माणसानं अर्ध्या शहराच्या गाद्या शिवल्या त्याचा शब्द कोण खोडणार?

दादांनी मला कोटाला इस्त्री करायला लावली. घरी चार वेळा उत्तरं म्हणून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी.

कोर्टाची खोली उंच आणि रंग उडालेली. दादा वाट बघत बाकावर बसले होते आणि त्यांची नजर सारखी कारकुनाच्या खुर्चीकडे. त्या खुर्चीवर जुनी बटणांची गादी होती, मधलं बटण निघून लोंबत होतं. मला कोपरानं ढोसून म्हणाले, कुणी केलंय हे काम? मी म्हटलं, दादा, गप्प बसा, देवाच्यान. पण मलाही बरं वाटलं, की म्हातारा घाबरलेला नाही.

साक्ष छान झाली. दोन टोकं का, तर परत वर काढायला. एवढं लांब का, तर गादी जाड असते. न्यायाधीश मान हलवत होते, त्यांनी स्वतः दोन प्रश्न विचारले आणि लिहून घेतलं. सरकारी वकिलांनी शब्दांवरून बराच कीस काढला. टोकदार म्हणजे किती टोकदार, सुई कुठं संपते आणि शस्त्र कुठं सुरू होतं. आमच्या वकीलबाई त्यांना पुरून उरल्या. मुठीबद्दल विचारलं तेव्हा दादांनी पाठ केलेलं उत्तर दिलं. वहिनी समोर उभी होती. पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. मी पदरात नाक पुसलं आणि मनात म्हटलं, सुटली.

सरकारी वकील बसायला निघाले होते. मग त्यांचं लक्ष कुठं गेलं कोण जाणे, ते म्हणाले, एक टाका घालून दाखवता का? आमच्या बाई हरकत घ्यायला उठल्या, पण न्यायाधीशांनाच बघायचं होतं. कारकुनाची ती गादी आणली. दाभण पाकिटातून काढून दादांच्या हातात दिलं, दोराही दिला.

अहो, त्यांचा चेहरा खुलला. सकाळपासून ज्या गादीवर जीव अडकला होता ती मांडीवर आली. त्यांनी ती थोपटली, बटणाची जागा अंगठ्यानं दाबून बघितली, दाभण उजेडात धरलं. आणि मग नखानं मुठीच्या दोऱ्याचं टोक शोधून काढलं आणि वेढे सोडायला लागले.

एक वेढा सुटला, दुसरा सुटला. मी बाकावरून अर्धी उठले. त्यांना काही दिसत नव्हतं, ते कामाला बसले होते. साठ वर्षं कामाला बसलेले हात, त्यांना कोर्ट काय आणि कचेरी काय.

"सोडताय कशाला?" सरकारी वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"बांधलेलं दाभण आरपार जात नाही, साहेब," दादा म्हणाले. शिकाऊ पोराला सांगावं तसं. "ह्यानं टाका बसायचाच नाही."

म्हणाले आणि थांबले. दोरा बोटात तसाच. त्यांनी आधी वकीलबाईंकडे पाहिलं, मग वहिनीकडे. काय झालं ते त्यांना कळताना मी पाहिलं, आणि देवानं मला ते दाखवायला नको होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते एवढं खरं कुणाचं झालं नसेल. त्यांच्या हातातून दाभण सुटलं आणि गादीवरून खाली पडलं. वहिनीनं तिथूनच म्हटलं, "दादा, राहू द्या." मांडीवरची गादी जड झाली असेल, खाली ठेवा, अशा आवाजात.

निकालाला वेळ लागला नाही. त्या माणसाला भोसकलं ते स्वसंरक्षण, त्यातून वहिनी निर्दोष. न्यायाधीशांनी तिच्या धैर्याबद्दल दोन चांगले शब्दही वाचले. पण ज्या वस्तूनं काम होत नाही ती कामाची वस्तू नव्हे, आणि सुट्टीच्या दिवशी ती जवळ होती, म्हणून शस्त्र बाळगल्याबद्दल दोन वर्षं. मारलं ते माफ, बाळगलं तो गुन्हा. मी त्या न्यायाधीशांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनाही ते आवडलेलं दिसत नव्हतं. मग वाचलंत कशाला, असं म्हणणार होते, पण वकीलबाईंनी माझा दंड धरला. वरच्या कोर्टातही तेच झालं.

भेटीला गेले की आम्ही जाळीच्या दोन बाजूंना बसतो. पहिल्या भेटीत तिनं सगळ्यांची चौकशी केली आणि मग हसली. म्हणाली, ताई, इथं मला गाद्यांच्या कामाला लावलंय. पहिल्याच दिवशी हातात दोन टोकांचं दाभण दिलं. बाहेर बाळगलं म्हणून आत, आणि आत आल्यावर सरकारनंच हातात दिलं. मलाही हसू आलं, आणि मग दोघींनाही ते आवरेना, आणि त्याचं रडं कधी झालं ते कळलं नाही. निघताना म्हणाली, दादांना सांगा, मी रागावले नाही. इथल्या दाभणांना धार नाही, एवढंही सांगा, त्यांना बरं वाटेल.

मी सांगितलं. त्यांना बरं वाटलं नाही. दादांनी काम सोडलंय. खिडकीशी बसतात, आणि बोटं अंगावरच्या चादरीचा काठ उसवत असतात. मी काठ शिवते, ते उसवतात. आधी मी ओरडायची, आता नुसती शिवते.

शिट्टीचा खटला अजून चालू आहे, तारखा पडतात. तो लंगडतो. काठी घेऊन गल्लीत उभा राहतो, आणि ती काठी कुणी तत्सम धरत नाही. चिमी आता मोठी झाली, शिकवणी संपवून त्याच रस्त्यानं येते, कारण दुसरा रस्ताच नाही. मी तिला आणायला जाते, पण मालकांनी काम वाढवलं की मला निघता येत नाही. परवा ती घरी आली, पिशवी ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, आत्या, तो आज माझ्या मागून चालत होता. शिट्टी वाजवत.

मी चौकीत गेले. हवालदार नवे होते. उत्तर जुनंच.

काल दुपारी मी भाजी निवडत होते. चिमी येऊन दादांच्या पायाशी बसली. तिच्या हातात दाभण होतं, कारखान्यातून मीच कधीतरी आणून ठेवलेलं, आणि चामड्याचा तुकडा आणि दोरा.

"आजोबा, मला बांधून द्या."

दादा दाभणाकडे पाहतसुद्धा नव्हते. मान हलवत राहिले, नाही, नाही. चिमीनं वाद घातला नाही. आईसारखीच आहे ती. तिथंच बसून स्वतः बांधायला लागली. तिला काय येतंय? चामडं सरकत होतं, वेढ्यात बोट जाईल एवढी फट, दोरा कोरडा. मी विळी थांबवली. उठून तिच्या हातातून ते हिसकावून घ्यावं, दोन थोबाडीत द्याव्यात, आई कशापायी आत गेली ते सांगावं, हे सगळं माझ्या ओठांवर आलं. पण मग दुसरं काय देऊ तिच्या हातात, ते काही सुचेना.

दादांची बोटं चादरीवर थांबली. तो घाणेरडा वेढा ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला आणि दाभण तिच्याकडून घेतलं.

"असं नाही पोरी," ते म्हणाले, "दोऱ्याला आधी मेण लाव."

मी उठले आणि दाराला कडी घातली.